अब्रू घरी ठेवून या

रविवारी दुपारी आमच्या गल्लीत सरकारी कार्यालय भरतं. बजाजनगरात रविवार म्हणजे कंपन्यांना सुट्टी, बायकांची धुणी आणि पोरांचं क्रिकेट. कांताअक्काच्या ओट्यावर मात्र त्याच दिवशी कामकाज. अक्का प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते, माझाच जुना चष्मा नाकावर चढवते आणि साहेब होते. समोर तीन-चार म्हाताऱ्या हातात पिशव्या घेऊन रांगेत उभ्या.

"काय नाव? मोठ्यानं बोला. मागे कोण कुजबुजतंय?"

एरवी लई, व्हय, नाय म्हणणारी ही बाई खुर्चीत बसली की बातम्या दिल्यासारखी बोलायला लागते. मधेच साहेबाला फोन येतो. अक्का रिकामी मूठ कानाला लावून लांबलचक बोलते, हसते बिसते, आणि समोरची म्हातारी कंटाळून खाली टेकली की फोन ठेवून तिला झापते, की गेला तुमचा नंबर. मग साहेब चहाला जातात. म्हणजे अक्का खरंच आत जाऊन चहा करून पिते आणि म्हाताऱ्या तशाच उभ्या राहतात. मी एकदा म्हणालो, अक्का, निदान सावलीत तरी बसवा त्यांना. तर मलाच म्हणाली, तिथं तहसिलात कोण बसवणारंय?

ही सगळी तालीम निराधारच्या पगाराची. ज्या बाईला बघणारं कोणी उरलं नाही, तिला सरकार दर महिन्याला थोडी मदत देतं. कागदावर त्या मदतीला अनुदान म्हणत असतील, आमच्याकडं सगळे पगारच म्हणतात. जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपं चालवलेल्या बाईला सत्तरीत 'मला पगार चालू झाला' असं सांगायला मिळतं, तर कोण सोडील?

आता तुम्ही म्हणाल, त्याला तालीम कशाला? मलाही तसंच वाटायचं. मग एकदा भागाबाईचं प्रकरण बघितलं. भागाबाईचा मुलगा बायकोला घेऊन वेगळा निघालेला. दिवाळीलासुद्धा फिरकत नाही. तहसिलातल्या खऱ्या साहेबांनी विचारलं, मुलगा सांभाळतो का? भागाबाईनं पदर सावरला आणि म्हणाली, सांभाळतो की, लई गुणाचं लेकरू हाय माझं. साहेब म्हणाले, वा, छान, आणि त्यांनी पुढच्या बाईला हाक मारली. भागाबाई हसतच बाहेर आली. आम्हाला सांगते, साहेब लई चांगला माणूस, माझ्या पोराची तारीफ केली त्यानं. अक्का माझ्या व्हॅनच्या पायरीवर डोकं धरून बसली.

दुसरी एक, ऑफिसात जायचं म्हणून शेजारणीच्या सोन्याच्या पाटल्या घालून आली. साहेबापुढं भिकाऱ्यावानी कसं जायचं, हे तिचं म्हणणं. अक्कानं त्या पाटल्या साबण लावून काढल्या. मनगट सोललं, तरी काढल्या.

तेव्हापासून अक्काचं एक वाक्य ठरून गेलं. व्हॅन सुटायच्या आधी प्रत्येकीच्या तोंडासमोर बोट नाचवून ती ते म्हणायची. "आधार कार्ड पिशवीत घ्या, पाण्याची बाटली घ्या, अब्रू घरी ठेवून या."

आणि अब्रू हा शब्द ती असा काही म्हणायची, की ती वस्तू कुलूप लावून फडताळात ठेवता येते असं वाटावं.

व्हॅनचं सांगायचं राहिलं. व्हॅन माझी. मी कंपनीतून रिटायर झालो तो आराम करायला, म्हाताऱ्यांची ने-आण करायला नाही, असं मी प्रत्येक वेळी ठणकावून सांगतो. आमची मंडळी, म्हणजे शालिनी, तोपर्यंत चावी अक्काला देऊन मोकळी झालेली असते. मग मी चरफडत गाडी काढायची आणि मागच्या सीटवरून अक्कानं म्हणायचं, भाऊ, खड्डा बघून चालवा, मागं म्हाताऱ्या माणसाचं हाड हाय. जसं काही मीच पंचविशीतला.

पण एक गोष्ट मला बरीच वर्षं खटकत होती. जिनं अर्ध्या बजाजनगराला पगार चालू करून दिला, तिला स्वतःला काहीच नव्हतं. विषय काढला की अक्का म्हणायची, माझं काय, बघू पुढल्या महिन्यात. आणि साडीला फॉल लावायला बसायची. तिची कमाई तेवढीच, फॉल आणि पिकोची.

कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, कोणी बोलत नव्हतं. अक्काचा नवरा फिटर होता. त्याची कंपनी बंद पडली तसा तो पुण्याकडं काम बघायला गेला. बस लागलेली, अक्कानं डबा बांधून दिलेला, सगळं रीतसर. सुरुवातीला फोन यायचे. मग ते कमी झाले, मग बंद. कोणी म्हणे त्यानं तिकडं दुसरा संसार मांडला, कोणी म्हणे तो आजारी होता. खरं काय ते कोणालाच माहीत नाही. नवऱ्यानं टाकलेल्या बाईलाही निराधारचा पगार मिळतो. पण नवऱ्यानं टाकलं, हे तिनं सांगावं लागतं.

अक्कानं त्याच्यामागं घर बदललं नाही. खोली लहान, पावसाळ्यात भिंतीला ओल धरते, घरमालक कटकट्या. शालिनीनं पलीकडच्या गल्लीत चांगली खोली बघून दिली होती, भाडंही कमी. अक्का नाही म्हणाली. "वहिनी, त्यांना हाच पत्ता माहितीय." मोबाइलचा नंबरही तोच. एकदा फोन नाल्यात पडला तर ही बाई पगाराचं सगळं कामकाज सोडून तोच नंबर परत मिळवायला दुकानं पालथी घालत फिरली. मी चिडवलं, काय अक्का, कोणत्या मंत्र्याचा फोन यायचाय? ती हसली नाही. मला तेव्हाच गप्प बसायला हवं होतं.

मागच्या वर्षी अक्काच्या डोळ्यांनी दगा दिला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण सुईत दोरा काही जाईना. फॉलची कामं गेली. भाडं थकलं. कन्नडहून तिचा भाऊ आला आणि म्हणाला, चल आता गावाकडं, इथं कोणासाठी बसलीस? भाऊ भला माणूस. त्याचं काही चुकलं नव्हतं. अक्कानं त्याला भाकरी-पिठलं करून घातलं, स्टँडवर सोडून आली आणि संध्याकाळी शालिनीला म्हणाली, "वहिनी, माझा बी अर्ज भरा. ही खोली सुटली तर ते आल्यावर कुठं जातील?"

म्हणजे बघा कसा पेच. त्याची वाट बघायला खोली पाहिजे. खोलीला पगार पाहिजे. आणि पगाराला, तो आपल्याला सोडून गेला, हे सांगायला पाहिजे.

अर्ज भरला. चौकशीला तलाठी मॅडम घरीच येणार असा निरोप आला. आदल्या दिवशी शालिनी म्हणाली, अक्का, उद्याची तालीम करू या, मी होते साहेब. अक्कानं तिला उडवून लावलं. मला कोण शिकवतं, म्हणाली.

मॅडम स्कूटीवरून आल्या. तरुण पोरगी. हेल्मेट मांडीवर घेऊन खाटेच्या कडेला बसली. पंच म्हणून मी आणि शालिनी. नाव, वय, शिक्षण झालं.

"मिस्टर कुठं असतात?"

"पुण्याकडं. कामाला."

"पैसे पाठवतात का?"

अक्कानं पदर सावरला. "पाठवतात की. अडचण असली तर जरा मागंपुढं होतं."

मॅडमनी पेन थांबवलं आणि माझ्याकडं बघितलं. माझं डोकंच फिरलं. बाकीच्यांना बोट नाचवून सांगणारी ही बाई. मी बोलून गेलो, खोटंय हे मॅडम, तो गेलाय, त्याचा फोन नाही की पत्ता नाही. शालिनीनं मला कोपर मारलं. अक्कानं माझ्याकडं असं बघितलं, जणू पाहुण्यांसमोर मी तिला शिवीच दिली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाकीच्या बायका अब्रू घरी ठेवून ऑफिसात जायच्या. इथं तर ऑफिसच घरी आलं होतं. ठेवणार कुठं बिचारी?

मॅडमनी घाई केली नाही, तेवढं त्या पोरीचं मानलं पाहिजे. अक्का कितीतरी वेळ जमिनीकडं बघत होती.

"लिहा," ती शेवटी म्हणाली. "येतो म्हणून गेले. आले नाहीत. पैसे बी नाय, फोन बी नाय. सोडून गेलेत, असं लिहा."

मॅडमनी लिहिलं, वाचून दाखवलं, आणि कागद सहीसाठी तिच्यापुढं धरला. अक्कानं पेन घेतलं, कागदावर टेकवलं आणि परत उचललं. आमच्या गल्लीतल्या साहेबाचा तो आवाज कुठल्या कुठं गेला होता.

"मॅडम, एक विचारू का? हे लिहून दिल्यावर मी त्यांची वाट बघितली, तर पगार बंद होतो का?"

मॅडमनी मांडीवरचं हेल्मेट खाटेवर ठेवलं.

"नाही, अक्का. त्याला काही नियम नाही."

मग अक्कानं सही केली.