परवानगीविना वाढलेले जीवाणू

जीवाणूच्या पोटातही एक शिस्त असते, आणि ती बिघडली तरच माणसाच्या लक्षात येते. म्हणून आमची संशोधन संस्था.

मी तिथल्या समितीचा चिटणीस. आमच्याकडे एक संशोधक बाई सहा वर्षं ‘कोएन्झाइम ए’वर काम करत होत्या. (सगळे त्यांना ताई म्हणत, मार्गदर्शक ‘अजून आहात का?’ म्हणत.) कोएन्झाइम ए हा पेशीतला हमाल. अन्नातून सुटलेला कार्बनचा तुकडा पाठीवर घ्यायचा, पुढच्या कामाला पोचवायचा, मोकळ्या पाठीने परतायचं.

ताईंनी जीवाणूंचं ओझं उतरवायला लागणारं एक जनुक काढलं आणि साखरेसोबत तीन कार्बनचं खाद्य दिलं. त्या खाद्याचा तुकडा हमालाच्या पाठीवर चढला तो उतरेचना. हळूहळू बहुतेक हमाल अडकले. भोवती साखर असून जीवाणूंची वाढ ठप्प. समितीला हे फार आवडलं. (ओळखीचं वाटलं असावं.) ‘वाढ थांबलेल्या जीवाणूंचा अभ्यास’ तत्काळ, म्हणजे चौदा महिन्यांत, मंजूर झाला.

एका मंगळवारी जीवाणूंच्या चोपन्न चंबूंपैकी एक गढूळ दिसला, म्हणजे आत वाढ चालू होती. आतला एक जीवाणू बदलला होता. अडकलेला तुकडा तोडून तो हमाल मोकळे करत होता, आणि त्याची प्रजा धडाक्यात वाढत होती. ताईंनी भरल्या डोळ्यांनी घरी फोन लावला.

“आई, सुटले गं!”

“कोण, तू?”

“नाही, हमाल.”

“बरं. जेवलीस का?”

समिती बसली. सदस्य पाच, सरासरी वय सदुसष्ट, जागे दोन.

अध्यक्ष म्हणाले, “मंजुरी वाढ थांबलेल्यांची आहे. हे कुणाला विचारून वाढतायत?”

“सर, असा बदल आपोआप होतो,” ताई म्हणाल्या.

“आपोआप? मग अर्जावर सही कुणाची?”

चंबू ओतून टाकावा, असं ठरत आलं. तेव्हा ताई उभ्या राहिल्या. “नाही ओतणार. सहा वर्षं घातलीत मी यात. ओतायचंच असेल तर आधी मला बाहेर काढा!” (जागे पाच.)

इतका ठामपणा हाताळण्याचा नियम नसल्याने चंबू वाचला. फक्त बाहेरच्या तज्ज्ञाचा अभिप्राय हवा, असं ठरलं. पात्रता एकच: ‘कोएन्झाइम ए’वरचा मजकूर स्वखुशीने शेवटपर्यंत वाचलेला असावा. वर्षभर कुणी सापडलं नाही.

आपण इथवर आलात. अभिनंदन. नेमणुकीचं पत्र मी टाइप करून ठेवलं आहे, मानधन नाही. नकार द्यायचा असल्यास समितीकडे अर्ज करावा. चौदा महिन्यांत कळवू.