कर्नलकाकांचे तीन टेकअवे

आमच्या गल्लीतले कचऱ्याचे डबे दर बुधवारी सकाळी सावधानमध्ये उभे असतात. झाकणं बंद, चाकं घराकडे, दोन डब्यांत हातभर अंतर. हे काम कौन्सिल करत नाही, कर्नल इनामदार करतात. कडक इस्त्रीची पँट, चकाकणारे बूट आणि ओठातल्या ओठात "दाहिने सज!" समोरचा सामोअन शेजारी सुरुवातीला चिडायचा. आता तो डबा बाहेर ढकलतो आणि खिडकीतून बघत राहतो, आपला पास झाला की नाही ते.

इनामदार भारतीय पायदळातून निवृत्त झालेले. बायको गेल्यावर मुलगा निखिल त्यांना पुण्याहून ऑकलंडला घेऊन आला. त्यांना काका म्हटलेलं खपायचं नाही आणि आम्हा मराठी मंडळींना नुसतं कर्नल म्हणवायचं नाही, म्हणून तह झाला: कर्नलकाका. "कसा आहेस?" असं ते कधी विचारत नाहीत. "मंदार, रिपोर्ट?" असं विचारतात. "ठीक" म्हटलं की म्हणतात, "ठीक हा रिपोर्ट नाही, लपवाछपवी आहे."

जॅण्डल, म्हणजे रबरी चपला, घालून घराबाहेर पडणं म्हणजे त्यांच्या मते शरणागती. कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, दूध आणायला गेले की चॉकलेटं उंचीनुसार लावून येतात. मालक बिचारा सोशिक आहे. घरात मात्र त्यांच्या हाताखाली कोणी नाही. नातवाला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं "आजोबा, चिल." सून घरूनच काम करते, कानात हेडफोन. निखिल संध्याकाळी ऑफिसमधून येतो तो ऑफिस सोबत घेऊनच.

"एके काळी माझ्याकडे अख्खी पलटण होती," कर्नलकाका मला म्हणाले होते. "आता एक डिशवॉशर आहे. तोही ऐकत नाही."

मी ईस्ट टामाकीतल्या एका ट्रकवाहतुकीच्या कंपनीत आहे. यंदा आमच्या धंद्याची परिषद टौरंगाला होती, विषय लीडरशिप. बोलायला एक माजी रग्बी कप्तान येणार होता. ऐनवेळी त्याचा गुडघा दुखावला. गुडघ्याचा आणि भाषणाचा संबंध काय, हे कोणी विचारलं नाही. माझा मॅनेजर क्रेग म्हणाला, "तुझा तो डबे लावणारा शेजारी खराखुरा कर्नल आहे ना? त्याला विचार की."

मी आयोजक बाईंचा निरोप कर्नलकाकांना वाचून दाखवला: भाषण उत्साह वाढवणारं हवं, मरणबिरण शक्यतो नको आणि शेवटी तीन टेकअवे हवेत.

"टेकअवे? म्हणजे पार्सल ना?"

"लोकांनी घरी न्यायचे मुद्दे, कर्नलकाका."

"मग पार्सलच."

त्यानंतर रोज गॅरेजमध्ये वॉशिंग मशिनसमोर तालीम सुरू झाली. पुढच्या रांगेतली एक खुर्ची निखिलसाठी राखून ठेवायला त्यांनी मला सांगितलं. निखिलने आदल्या दिवशी कळवलं, "बाबा, ढीगभर काम आहे. रेकॉर्डिंग बघेन." कर्नलकाका मला म्हणाले, "कामाची निकड आहे. समजू शकतो." आणि बुटाला पुन्हा पॉलिश करायला बसले. बूट आधीच आरशासारखे होते.

भाषण जेवणानंतर होतं. अर्धं सभागृह पेंगत होतं. छातीवर पदकं लावून कर्नलकाका उभे राहिले आणि "किआ ओरा!" असा माओरी नमस्कार करत असे काही गरजले की मागच्या रांगेतले दोघे सरळ होऊन बसले.

"मी ब्रिगेडियर का झालो नाही, ते सांगतो," त्यांनी सुरुवात केली. "माझा ताफा डोंगर चढत होता. एक मंत्री वर येणार होते, त्यांच्या आधी आम्ही पोचायचं असा हुकूम होता. माझे ड्रायव्हर झोपेने ढासळत होते. तोंडाने कोणी थांबू या म्हणत नव्हतं, कारण फौजेत तसं म्हणत नाहीत. मी ताफा थांबवला. त्यांना झोपायला सांगितलं आणि पहाऱ्यावर मी बसलो. मंत्री आधी पोचले. माझ्या नावापुढे शेरा बसला, बढती गेली. पण ते सगळे ड्रायव्हर आपापल्या घरी गेले. टेकअवे एकच आहे. थकलेल्या माणसाला थांबू द्या, किंमत आपण मोजा. दुसरा आणि तिसराही तोच."

टाळ्या झाल्या. मग आमच्या कंपनीचे सीईओ उठले.

"काय विचार दिलात, कर्नल! थांबण्याचं धैर्य! योग्य वेळी थांबतो तो लीडर. त्याच धैर्याने आम्ही आमचा हॉर्नबीचा डेपो थांबवण्याचा प्रस्ताव मांडतो आहोत."

प्रस्ताव म्हणजे टाय लावलेला निर्णय, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. हॉर्नबी बंद म्हणजे ख्राइस्टचर्चची आमची सगळी ट्रकवाली माणसं घरी.

कर्नलकाका ताडकन उठले. "मी असं म्हणालो नाही."

माईक त्यांच्याकडे नव्हता. सीईओ हसले. "बघा, अजून लढतायत!" सभागृहही हसलं आणि पुन्हा टाळ्या पडल्या, आधीपेक्षा जोरात. आयोजक बाईंनी त्यांच्या हातात मानुका मधाची बाटली ठेवली. "अमेझिंग! आणि कोणी मेलंसुद्धा नाही." लोकांनी पदकांसोबत सेल्फी काढले. एक जण त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "झकास, मेट, स्वीट ॲज." मेजर असतानाही त्यांच्या पाठीवर कोणी थाप मारली नसेल.

पार्किंगमध्ये आल्यावर ते गाडीत बसेनात.

"हॉर्नबीत तू कोणाला ओळखतोस?"

"वेनला. तिथलं डिस्पॅच तो बघतो. रोज बोलणं होतं आमचं."

"फोन लाव."

मी घुटमळलो. नोकरी मलाही हवी होती.

"ऑर्डर नाही, मंदार," ते म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला: "विनंती आहे."

मी वेनला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन कर्नलकाकांच्या हातात दिला. त्यांनी नाव सांगितलं, हुद्दा सांगितला. "आज तुमच्या डेपोबद्दल जे बोललं गेलं त्यात माझे शब्द वापरले. मला तुमची माफी मागायची आहे."

"माझ्या डेपोबद्दल?" वेन म्हणाला. "का, काय झालं माझ्या डेपोला?"

कर्नलकाकांनी माझ्याकडे पाहिलं. सभागृहातल्या सगळ्यांना कळलं होतं, हॉर्नबीला कळवायचं राहिलं होतं. त्यांनी टाचा जुळवल्या, पाठ ताठ केली आणि जे ऐकलं होतं ते सांगितलं. साखर लावली नाही, काळजी करू नका म्हणाले नाहीत.

पलीकडे फोर्कलिफ्टचा आवाज चालूच होता. मग वेन बोलायला लागला. कोणाची बायको आजारी आहे, कोण नुकताच फिजीहून आलाय, डेपो बंद होणार हे आता आपण त्यांना कसं सांगायचं. आपली मुलगी शेवटच्या वर्षाला आहे. बोलता बोलता तो एकदम ओशाळला.

"सॉरी मेट, तुमचा उगाच वेळ घेतोय. तुम्हाला घरी जायचं असेल."

"घ्या वेळ," कर्नलकाका म्हणाले. "माझी घरी कोणी वाट बघत नाही."

स्पीकर बंद करून त्यांनी फोन कानाला लावला आणि पदकांसकट फुटपाथच्या कडेला बसले, इस्त्रीच्या पँटची पर्वा न करता.

"हं, मुलीबद्दल सांगत होतात. नाव काय तिचं?"