दत्ताकाकांचं खाजण

दत्ताकाका म्हात्र्यांच्या हॉलमध्ये, देवघराच्या शेजारी, खुंटीला छातीपर्यंत येणारी एक रबरी विजार टांगलेली असते. बूट तिलाच जोडलेले. लांबून बघितलं तर डोकं आणि हात नसलेला एक माणूस भिंतीला टेकून उभा आहे असं वाटतं. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना पहिल्यांदा त्यांच्याकडे आला आणि माझ्या कानात म्हणाला, "आई, इज दॅट मॅन डेड?" काकांनी ते ऐकलं. म्हणाले, "नाही रे, ऑक्टोबरची वाट बघतोय."

ऑक्टोबरात बदकांच्या शिकारीचा सीझन उघडतो. वेस्ट विंडसरमधल्या आमच्या टाउनहाउसच्या रांगेत तेव्हा चकल्या कुणाकडून मागवायच्या यावर बोलणी चालू असतात. काका कचऱ्याचा डबा बाहेर काढता काढता विचारतात, "आज वारा कुठला गं?" मला वारा कुठला ते माहीत नसतं. मला सोमवारी रिपोर्ट द्यायचा असतो.

मी यात सापडले ती काकूंमुळे. मोतीबिंदूनंतर डॉक्टरांनी काकांना अंधारात गाडी चालवू नका म्हणून सांगितलं. मुलगा सनीव्हेलला, तो फोनवरून काळजी करतो. काकू दारात आल्या आणि म्हणाल्या, "अगं, एकटे गेले तर चिखलात बसून राहतील. एक शनिवार नेशील का?" तो एक शनिवार आता तिसऱ्या वर्षात आहे.

मी हमालाची मुलगी. वडिलांनी बाजार समितीत तीस वर्षं पोती वाहिली, आणि आमच्या घरातली कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आता औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासते. ओझ्याची मला लाज नाही. पण आठवडाभर आकडे तपासून शनिवारी पहाटे खोट्या बदकांचं पोतं पाठीवर घेऊन चिखलातून चालताना, शिकून नेमकं काय बदललं, हा प्रश्न पडतो.

ही खोटी बदकं प्लास्टिकची. पाण्यावर तरंगत ठेवायची, म्हणजे खरी बदकं त्यांना बघून उतरतात. काकांनी त्यांना आमच्या मराठी मंडळाच्या कमिटीची नावं दिली आहेत. "अध्यक्षांना वाऱ्याकडे तोंड करून ठेव. सेक्रेटरी गळकी आहे, तिला काठावरच राहू दे. उपाध्यक्ष कुठेही टाक, काही फरक पडत नाही."

खरा वाद जागेचा. सीझनच्या सुरुवातीला बदकं असतात आतल्या तळ्यांवर, गोड्या पाण्यात. पुढे थंडीत तळी गोठली की मग ती समुद्राकाठच्या खाजणात येतात. हे इथल्या प्रत्येक शिकाऱ्याला ठाऊक आहे. आमच्यापासून पंधरा मिनिटांवर एक तळं आहे, काठापर्यंत गाडी जाते, आणि तिथे शिकार करायची काकांना कायमची परवानगी आहे. खाजण सव्वा तासावर. भरतीला पाणी, ओहोटीला मांडीपर्यंत चिखल. काका ऑक्टोबरात खाजणातच जातात.

"काका, तळ्यावर जाऊ या ना."

"तळं म्हणजे डबकं. डबक्यात म्हैस बसते, शिकारी नाही."

"पण बदकं तिथे आहेत."

"मी मिठागरातला माणूस आहे. समुद्राला हजेरी द्यावी लागते."

शेवटी मी तक्ता केला. तारीख, वारा, भरतीची वेळ, बदकं. पहिली दोन वर्षं, ऑक्टोबरचा प्रत्येक शनिवार. बदकांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्य. प्रिंट काढून त्यांच्यासमोर ठेवला. काकांनी चष्मा लावून तो नीट वाचला, "छान केलंयस," म्हणाले, आणि घडी करून खिशात घातला. मला वाटलं, पटलं. पुढच्या शनिवारी पुन्हा खाजण.

ज्यांचं तळं, ते अर्नी. काका त्यांना अर्नीशेठ म्हणतात. दोघांची ओळखही खाजणातच झाली. तेव्हा काका इथे नवे होते, आणि गावाकडच्या हिशेबाने भरती काढायचे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी होती, म्हणजे भरती तीनला. काका निवांत आत शिरले. अटलांटिकला चतुर्थी माहीत नव्हती. अकरालाच पाणी कमरेला लागलं आणि पाय चिखलात रुतलेले. अर्नींनी होडी घातली, काखेत हात घालून यांना ओढून काढलं आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: "अरे बाबा, या महिन्यात बदकं तळ्यावर असतात." त्यावर गारठलेले काका म्हणाले, "नाही, इथेच असतात." तो वाद वीस वर्षं चालला. दर शनिवारी अर्नी तळ्यावर, काका खाजणात, आणि दुपारी अर्नींच्या गॅरेजमध्ये मोजणी.

आता अर्नींचं अर्धं अंग लुळं पडलंय आणि ते वयस्कांच्या एका केंद्रात असतात. खाजणातून परतताना आम्ही तिथे थांबतो. काका आत जातात, मी गाडीत सीट मागे टाकून झोपते. आत काय चालतं ते मी कधी विचारलं नाही. विचारायलाही जागं असावं लागतं.

गेल्या ऑक्टोबरात एका शनिवारी धुकं होतं. आम्ही गवतात बसलो होतो. अध्यक्ष, सेक्रेटरी आपापल्या जागी. मी थर्मासचं झाकण उघडत होते, तेवढ्यात धुक्यातून दोन काळसर बदकं आली, पंख रोखून थेट उपाध्यक्षांशेजारी उतरायला लागली. काकांची बंदूक आपोआप वर गेली असावी. एकच आवाज झाला. एक बदक पाण्यात पडलं, दुसरं धुक्यात परत गेलं.

मी काकांचा खांदा हलवला. "काका, लागलं. तक्त्यात पहिला एक."

काका बंदुकीकडे बघत होते. "याला आजच यायचं होतं," म्हणाले. कुणी न सांगता पाहुणे घेऊन आल्यावर म्हणतात तसं.

पाणी चढायच्या आत आम्ही बदक उचललं. गाडीशी आल्यावर त्यांनी ते कागदात गुंडाळलं, बर्फाच्या पेटीत तळाशी ठेवलं, वर सेक्रेटरीला झोपवलं आणि पेटीवर ताडपत्री टाकली. मग स्वतःची बाही झटकली, माझ्या जॅकेटवरचं एक पीस काढून वाऱ्यावर सोडलं.

केंद्राशी गाडी लावताना मी म्हटलं, "आज मी आत येणार. अर्नींचा चेहरा बघायचाय मला."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "ये. पण गप्प राहा."

अर्नी खिडकीशी खुर्चीत बसले होते. दाढी केलेली, केस ओले करून विंचरलेले. मांडीवर एक कागद होता, घड्या झिजलेल्या. माझा तक्ता. त्याखाली पेन्सिलीने, थरथरत्या अक्षरात, या महिन्याचीही शून्यं मांडलेली होती.

अर्नींनी चांगला हात वर केला. "हाउ मेनी?"

काकांनी बोटांचं वाटोळं केलं आणि मान खाली घातली. शाळेत नापास झाल्याचं सांगावं तशी.

अर्नींचे खांदे आधी हलले. मग आवाज आला. तोंडाची एकच बाजू हसत होती, पण ती पुरेशी हसत होती. "पाँड," ते म्हणाले. "टोल्ड यू. पाँड." जेवणाचं ताट घेऊन आलेली मदतनीस बाई काकांना म्हणाली, "तुम्ही आलात, बरं झालं. आठवडाभर चमचा धरत नाहीत." अर्नींनी चमचा धरला. दोन घास खाल्ले आणि पुन्हा हसले.

मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. काकांनी ओळख करून दिली: तक्ता करणारी ती हीच, कॉलेजात शिकलेली. अर्नींनी कागद माझ्यापुढे सरकवला, पेन्सिल दिली. आजचा आकडा मी लिहायचा होता.

मी नोकरीत एका आकड्यासाठी वरिष्ठांशी भांडलेली बाई आहे. चुकीचा आकडा माझ्या हातून जात नाही, हे मी मुलाखतीत सांगते. काका खिडकीबाहेर बघत होते, आणि त्यांच्या रबरी बुटांतून फरशीवर खाजणाचं पाणी ठिबकत होतं.

मी शून्य काढलं. नीट, गोल.

हायवेला लागल्यावर काका म्हणाले, "जिंकला की जेवतो गं तो."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "तळ्यावर मी एकटा जाऊन काय करू? तिथे भांडायला कोण आहे?"

मी पुढच्या शनिवारची भरती विचारली. सव्वानऊ, ते म्हणाले. लवकर निघावं लागेल.

रविवारी दुपारी काकूंनी डबा पाठवला. बदकाचा रस्सा, वाटलेल्या खोबऱ्याचा, भरपूर तिखट. लॅपटॉप उघडून मी माझ्याही तक्त्यात त्या शनिवारसमोर शून्य टाकलं, आणि ते शून्य आम्ही घरातल्या तिघांनी तांदळाच्या भाकरीबरोबर खाल्लं.