आण्णांच्या खोक्यातली खरखर

आमच्या शेजारचे आण्णा इंगवले दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात न विचारता शिरायचे आणि भांड्यांच्या मांडणीला कान लावून उभे राहायचे. मनात वाईट काही नसायचं. ते आवाज शोधत असायचे.

आवाज त्यांच्याच घरातल्या खोक्याचा. आण्णा एस.टी.तून कंट्रोलर म्हणून रिटायर झाले आणि एका बंद पडलेल्या तंबू थेटराचा जुना स्पीकर घरी घेऊन आले. स्पीकर कसला, चांगलं कपाटाएवढं लाकडी खोकं. त्याला टेप जोडला की ढोलकी आमच्या पायाखाली वाजायची. शिवाजी पेठेत घराला घर चिकटलेलं, त्यामुळं गाणं लावायचं आण्णांनी आणि थरथरायचं आम्ही. त्यात खोकं म्हातारं. ढोलकीच्या प्रत्येक थापेमागं एक खरखर यायची. खरं सांगते, त्या दणदणाटात खरखर कुणाच्या लक्षातसुद्धा आली नसती. आण्णांच्या आली.

"वैनी, आख्खी नोकरी स्टँडावर गेली माझी," ते मला म्हणाले. "डोळं मिटून सांगायचो, ही पन्हाळ्याची गाडी, ही वडगावची. आवाज खोटं बोलत न्हाय. माणूस बोलतंय."

पहिला संशय भिंतीवरच्या कॅलेंडरवर आला. ते उतरवलं. मग देवघरातली घंटा गादीखाली गेली. मग काकींच्या, म्हणजे आण्णांच्या बायकोच्या, बांगड्या. आण्णांनी त्यांना बांगड्यांवर रुमाल बांधायला सांगितलं. काकी "व्हय की" म्हणाल्या आणि हसल्या. आण्णांनीच मग रुमाल आणून बांधला.

काकी कशालाही व्हय की म्हणायच्या. एकदा मी दारातनं विचारलं, "काकी, वाटीभर साखर हाय का?" तर म्हणाल्या, "व्हय की," आणि खाली मान घालून तांदूळ निवडत बसल्या. मी वाटी घेऊन तशीच परत आले. म्हातारी शिष्ट आहे, असं माझं मत झालं. त्यांची बसायची जागासुद्धा ठरलेली, खोक्याच्या मागं, फळीला पाठ टेकून. नवऱ्याच्या बडबडीपासून लपत असणार बिचारी, असं मला वाटायचं.

घरातले संशयित संपल्यावर आण्णा गल्लीत उतरले. घरी टेप मोठ्यानं लावायचा आणि आपण दुसऱ्याच्या घरात जाऊन एकेका भांड्यावर बोट ठेवायचं, अशी त्यांची पद्धत. आमच्याकडं त्यांनी पितळेची परात पकडली.

"वैनी, हीच गुन्हेगार."

परातीखाली जुन्या पँटचं फडकं गेलं. खरखर होतीच. मग पोह्यांचा डबा, मग खलबत्ता. शेवटी सासूबाईंची कवळी ठेवलेली वाटी त्यांनी उचलून कानाला लावली. सासूबाई समोरच बसल्या होत्या. कवळी वाटीत असल्यामुळं त्यांना काय बोलायचं होतं ते आम्हाला नीट कळलं नाही, पण आशीर्वाद नव्हता.

माझं डोकं फिरलं. "आण्णा," मी म्हटलं, "जगाची भांडी तपासून झाली. आता एकदा सवताच्या खोक्याचं बूड बघा की."

आण्णा वाटी ठेवून निघून गेले. पुढं बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन दारात हजर.

"घावला," ते म्हणाले.

खोक्याच्या मागच्या फळीचे स्क्रू सैल होते. आण्णांनी फळीच्या आतनं घोंगडीची जाड घडी ठोकली आणि नवे स्क्रू आवळून बसवले. खरखर कशी गेली ते ऐकायला गल्लीला आमंत्रण होतं. आम्ही सगळे त्यांच्या घरात दाटीवाटीनं उभे राहिलो. मुलाखतीला बसावं तसा इस्त्रीचा शर्ट घालून आण्णांनी टेप लावला. ढोलकी कडाडली. खरखरीचा मागमूस नव्हता, पायाखालची थरथरसुद्धा थांबली होती. आण्णा एकेकाच्या तोंडाकडं बघत होते.

तेवढ्यात खोक्यामागनं काकींचा आवाज आला. "अवं, लावा की आता. कवाधरनं वाट बघतीया."

सगळे खो खो हसले. म्हातारीनं नवऱ्याची काय फिरकी घेतली, म्हणून मीही हसले. काकींनी दचकून आमच्याकडं बघितलं आणि मग त्याही हसल्या. आण्णा हसले नाहीत. त्यांनी टेप बंद केला, हातातला पेढा परत पुड्यात ठेवला आणि आम्हाला म्हणाले, "या आता. हिला सैपाक करायचाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी खरखर परत सुरू झाली. आधी होती त्याच्या दुप्पट. मी तणतणत गेले. एवढे पेढे खाल्ले ते काय फुकट?

दार उघडंच होतं. घोंगडीची घडी कोपऱ्यात पडली होती. आण्णा खोक्याशेजारी जमिनीवर बसून होते, हातात स्क्रू ड्रायव्हर. फळी पार खिळखिळी करून टाकली होती. तिला पाठ टेकून काकी तांदूळ निवडत होत्या आणि ढोलकीच्या प्रत्येक थापेला त्यांची मान बरोबर डोलत होती. मी काकींना दोनदा हाक मारली, ती त्यांच्यापर्यंत पोचली नाही. कान कधी गेले होते कुणास ठाऊक. बाईनं कुणाला कळू दिलं नव्हतं. सैल फळी पाठीला थरथरली की तिला गाणं लागल्याचं कळायचं, आणि तीच फळी आण्णांनी काल आवळून टाकली होती. मला ती साखरेची रिकामी वाटी आठवली.

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. डोळे लाल होते.

"काय वैनी?"

"आण्णा, तो आवाज..."

"कसला आवाज?" आण्णा म्हणाले. "मला तर काय ऐकू येत न्हाय."

खिडकीची काच थडथडत होती. आमच्या घरातनं सासूबाई कुणाच्या तरी नावानं ओरडत होत्या.

"मलाबी न्हाय," मी म्हटलं, आणि काकींच्या शेजारी फळीला पाठ टेकून तांदूळ निवडायला बसले.