भोक नसलेली चाळणी

"आता बघाच! माझ्या चाळणीतून एक जरी जाहिरात खाली पडली ना, तर नाव बदलीन!" बाईंनी नवऱ्याला बजावलं. "एकसुद्धा भोक ठेवलेलं नाही!"

"मग ती चाळणी कसली? ताट झालं की ते!" नवरा वर्तमानपत्राआडून म्हणाला.

बाईंनी लक्ष दिलं नाही. तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर त्या कुंडीतल्या झाडांचा एक ऑनलाइन कट्टा चालवत. सभासद नऊशे, सगळे टोपणनावांचे आणि पानावरच्या एका डागानेही झोप उडणारे. त्रास एकच, जाहिरातदार! त्यातला एक खतवाला तर पानावरच्या मावा किडीसारखा चिकट. "तुमचा कट्टा प्रायोजित करू द्या" अशी त्याची अकरा पत्रं आली होती. बाईंनी अकराही वेळा नम्र नकार कळवला आणि नियम पारदर्शक असावेत म्हणून दरवेळी निषिद्ध शब्दांची यादीही जोडली.

तीच यादी त्यांनी आता संगणकाला शिकवली होती. 'मोफत', 'त्वरित', 'संपर्क' असे एकशे बारा शब्द. त्यातला एक दिसला की मजकूर आपोआप गायब आणि लिहिणाऱ्याला नकारपत्र. तीनदा घडलं की वाचता येईल, पण लिहायला आठवडाभर कुलूप. नियम बाईंनाही लागू, आणि कुलूप मध्येच उघडायची सोय त्यांनी मुद्दामच ठेवली नव्हती. प्रयोगात अपवाद कसा चालेल?

दोन दिवस कट्ट्यावर चिटपाखरू नाही. बाई खूश! तिसऱ्या सकाळी निवडुंगकाकांची मेल आली. काका म्हणजे कट्ट्याचे पहिले सभासद.

"बाई, तुम्ही मला जाहिरातदार म्हणालात. तेही तीनदा. मी उद्या कायमचा मुलीकडे राहायला जातोय. तिच्या घरात ऊन येत नाही. माझे चाळीस निवडुंग कुणी सांभाळेल का, एवढंच विचारत होतो. निम्मे आमच्या हिने लावलेत. कुणी आलं नाही तर घरमालक कचऱ्यात टाकतील. माझं काही चुकलं असेल तर क्षमा करा."

बाईंनी घाईघाईने कट्ट्यावर लिहिलं, "काकांचे निवडुंग मोफत मिळतील! त्वरित संपर्क साधा!"

गायब!

मग 'विनामूल्य' लिहून पाहिलं. तेही गायब! तो शब्द बाईंनीच, फार विचार करून यादीत घातला होता. शेवटी वैतागून लिहिलं, "अहो, ही जाहिरात नाही!" 'जाहिरात' तर यादीत पहिलाच. तिसरी वेळ, म्हणजे बाईंनाही आठवडाभर कुलूप! पडद्यावर पत्र झळकलं: "आपण सुज्ञ आहात. आपण रागावणार नाही, अशी आशा आहे."

"काय सभ्य भाषा आहे!" नवरा खांद्यावरून वाचत म्हणाला. "कुणी लिहिलंय?"

"गप्प बसा हो!"

"अगं, मग दुसऱ्या कुणाला तरी फोन करून लिहायला सांग."

"कुणाला? 'नेचे४२'चा नंबर काय टेलिफोन डिरेक्टरीत मिळणार आहे?"

नंबर एकाचाच होता. अकरा पत्रांखाली, ठळक अक्षरांत.

"कट्ट्यावरच्या बाई?" पलीकडे खतवाला गडबडला. "अहो, बारावं पत्र मी अजून पाठवलंच नाही!"

बाईंनी सगळं सांगितलं.

"काकांचा पत्ता द्या," तो म्हणाला. "यादीची काळजी करू नका. मला तोंडपाठ आहे!"

दहा मिनिटांत कट्ट्यावर मजकूर आला. "एक आजोबा उद्या घर सोडताहेत. त्यांची चाळीस काटेरी लेकरं मागे राहताहेत. तुमच्या खिडकीत ऊन आहे का? पत्ता खाली देतोय." एकशे बारापैकी एकही शब्द नाही!

संध्याकाळपर्यंत काकांच्या जिन्यात रांग लागली. 'नेचे४२' हा धिप्पाड बसचालक निघाला आणि तीन कुंड्या तान्ह्या बाळांसारख्या छातीशी धरून गेला. काकांचा फोन आला, "बाई, एकोणचाळीस गेले. हिने लावलेला पहिला मी नेतोय. मुलगी म्हणाली, बाबा, उन्हाऐवजी त्याला दिवा लावू."

बाईंनी चष्मा पुसला. कट्ट्यावर नव्या खिडक्यांतल्या निवडुंगांचे फोटो येत होते. चौथ्या फोटोला त्या थबकल्या. पाचव्यात तेच, सहाव्यातही तेच. प्रत्येक कुंडीशेजारी खताची पिवळीधमक पिशवी! खतवाला जिन्याच्या तोंडाशी उभा राहून ज्याच्या त्याच्या हातात एकेक देत होता. चाळणीला वाचता येत होतं, पाहता येत नव्हतं.

"काढून टाक की," नवरा म्हणाला.

"कशी काढू? मला कुलूप आहे!" बाईंनी फोटो मोठा करून पिशवीवरचे घटक वाचले. प्रमाण अगदी बरोबर होतं. त्याचाच जास्त राग आला.

नवऱ्याने वर्तमानपत्राची व्यवस्थित घडी घातली.

"बरं, मग नवीन नाव काय ठेवायचं?"