कपबशीचा बिल्ला

बबनकाका समोरून येताना दिसले की मी आधी त्यांच्या छातीकडे बघते. पंचाहत्तरीच्या गृहस्थाच्या छातीकडे असं टक लावून बघणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. पण काल तिथे 'स्वागत समिती' असतं, आज 'वधूमामा' असतं आणि उद्या मोठ्या कॉलरचा, कपाळावर केस आलेला एखादा सिनेमातला हिरो तिथून आपल्याकडे रागाने बघत असतो. एकदा आमच्या आळीतल्या मयताला काका 'उत्साही कार्यकर्ता' असा बिल्ला लावून आले होते. मी डोळ्यांनी खुणावलं. काकांनी मान खाली घालून वाचलं, बिल्ला काढून खिशात टाकला आणि पुढे जाऊन लाकडं रचायला लागले. दुपारपर्यंत तिथे सगळ्यात जास्त राबले तेच, त्यामुळे बिल्ला अगदीच चुकीचा होता असं काही म्हणता येणार नाही.

काका आमचे शेजारी. भिंतीला भिंत. खालापूरच्या सरकारी कचेरीत शिपाई होते, तिथूनच रिटायर झाले, आणि मी त्याच कचेरीत कारकून. त्यामुळे आमच्यात एक अलिखित करार आहे. कचेरीच्या आवारात मी 'मॅडम', घराच्या ओट्यावर 'पोरी'. रविवारी त्यांच्या तोंडून चुकूनही मॅडम निघत नाही आणि सोमवारी दाखल्यासाठी आले तर पोरी निघत नाही. नियम म्हणजे नियम. अख्ख्या नोकरीत या माणसाने सरकारी टाचणीसुद्धा घरी नेली नाही, असं जुने लोक कौतुकाने सांगतात. ज्याच्या घरात एवढे बिल्ले आणि प्रत्येकाच्या मागे एक पिन, त्याला टाचणीची गरजच काय, असं माझं मत आहे.

बिल्ले किती, ते मोजायच्या भानगडीत काका पडत नाहीत. पुढच्या खोलीत भिंतीवर चार जुन्या चादरी ताणून बसवल्यात आणि त्यांवर बिल्ले टोचलेत. पंखा मोठा केला की चादरी फुगतात आणि सगळे पुढारी, नट, क्रिकेटवाले, मंडळाचे अध्यक्ष एकदम छाती काढून पुढे येतात. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी हातातला चहा साडीवर सांडला होता. काका म्हणाले, "घाबरू नको गं, समदे आपलेच हायेत."

बिल्ला हातात घेतला की काका तो आधी उलटा करतात. "पिन आधी बघायची, चेहरा मागनं." पिनेला गंज किती, पत्रा जाड का पातळ, कडेला बारीक अक्षरात छापखान्याचं नाव आहे का, आणि फोन नंबर किती आकडी आहे. नंबर तीन आकडी निघाला की काकांचा आवाज खाली येतो. "ह्यो आमी शाळेत असतानाचा असंल. तवा कर्जतात फोन तरी कितीकांकडं होता!"

मग इतिहास सुरू होतो. जत्रेत पाळण्याच्या बाजूला बिल्लेवाला बसायचा, काळ्या कापडावर सगळे हिरो मांडून. ज्याच्या छातीवर मारामारीचा हिरो, तो पोरगा कॉलर उभी करून चालणार. ज्याच्या छातीवर प्रेमाचा हिरो, तो पाणवठ्याच्या वाटेने जाणार. मग क्रिकेटचे दिवस आले. आपण कप जिंकलो तेव्हा गावागावात पत्र्याचे बॅट्समन फिरत होते, आणि पुढची मालिका हरलो तशी पोरांनी ते काढून उकिरड्यावर टाकले. "मी दोन गावं फिरलो आनि येचले," काका सांगतात. "हरल्यावर टाकायचं म्हंजे काय? हिरोचा शिनेमा पडला तर आपुन हिरोला टाकतो व्हय?" एक पिवळा गोल हसरा चेहरा आहे. तो कोण, कुठला, कुणालाच माहीत नव्हतं. हसतोय एवढ्यावर सगळ्यांनी छातीवर घेतला.

आणि निवडणुकीचे बिल्ले. त्यांची आख्खी एक चादर. आधी पत्र्याचे, मग प्लास्टिकचे, मग नुसते चिकटवायचे कागद. हल्ली तर तेही नाही, लोक फोनवर फोटो बदलतात. त्याचा काकांना फार राग. "डीपीला पिन कुठंय? सकाळी येकाचा ठेवला, दुपारी दुसऱ्याचा ठेवला. बिल्ला लावायचा म्हंजे गावासमोर लावायला लागतो. छाती लागते त्याला."

या नादापायी काकांनी गोंधळही घातलेत. दोन वर्षांपूर्वी शेलूला एका लग्नाला आम्ही दोघं गेलो होतो, माझ्या स्कूटरवरून. काकांनी घरातला जुना 'वधूमामा' लावला होता, झालरीचा, मध्ये सोनेरी अक्षरं. लग्नाला शोभेलसा, एवढाच हेतू. इकडे मुलीचा खरा मामा पुण्याहून येताना घाटात अडकलेला. मुहूर्ताची वेळ झाली, भटजींनी माइकवरून "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं" असा पुकारा केला आणि चार बायकांनी काकांची छाती वाचून त्यांना सरळ आत ढकललं. मी लांबून हात हलवत होते. काका मुलीचा हात धरून असे काही मांडवात आले की वरपक्षाने उठून नमस्कार केला. मंगलाष्टकं संपेपर्यंत ते तिच्या मागे उभे. खरा मामा पोचला तेव्हा पंगत बसली होती. मला वाटलं, आता जोडे. पण तो मामाच काकांच्या पाया पडला. त्या मुलीचा दिवाळीला अजून फोन येतो.

एवढं सगळं असून काकांच्या चौथ्या चादरीवर मधोमध एक जागा रिकामी होती. तिथे त्यांनी पेन्सिलने गोल काढून ठेवला होता. तो बिल्ला होता कपबशीचा. त्यांच्या बायकोचा. हिराकाकू एकदा गावच्या ग्रामपंचायतीला उभ्या राहिल्या होत्या, बाईची जागा सुटली होती म्हणून, आणि चिन्ह मिळालं होतं कपबशी. थोडक्या मतांनी पडल्या. मी इथे राहायला यायच्या आधीच त्या गेल्या, त्यामुळे मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय.

"घरात एक तरी उरला असेल ना?" मी विचारलं होतं.

"नाय. निकालाच्या दुसऱ्या दिशी तिनं पिशवी भरून भंगारवाल्याला दिली." मग पेन्सिलीच्या गोलावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो मला पायजेच. मी मरायच्या आत पायजे."

आणि माणूस कामाला लागला. प्रत्येक आठवडी बाजारात भंगारवाल्यांना गाठायचं. जुन्या उमेदवारांच्या घरी जायचं. कर्जतला ज्या छापखान्यात ते बिल्ले झाले होते तिथे मोबाइलचं दुकान झालंय. काका आत शिरले आणि दुकानदाराला त्याच्या आजोबांचा छापखाना समजावून सांगत तासभर बसले. त्या भल्या माणसाने शेवटी दुसऱ्या गल्लीतून बिल्ले करणाऱ्या मशीनवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "काका, चित्र सांगा, दहा मिनिटांत नवा करून देतो. त्याहून चकचकीत."

काकांचा चेहरा पडला. "नवा मला काय करायचाय? तिच्या हातात व्हता तो दे."

मग गेल्या महिन्यात बातमी लागली. लोधिवलीकडच्या त्यांच्या गावात शेवंताबाई नावाच्या आजी आहेत. त्या वेळी हिराकाकूंच्या विरोधात उभ्या राहून निवडून आल्या त्या याच. त्यांचं जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं होतं आणि सामान निघत होतं. रविवारी सकाळी सात वाजता काका हेल्मेट घालून माझ्या दारात उभे. छातीवर काहीही नाही. मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं.

"काका, चहा तरी घेऊ द्या मला."

"भंगारवाला चा पिऊन येनार हाय व्हय?"

गावात पोचलो तर शेवंताबाई अंगणात खाटेवर बसून कुठली भांडी जाणार आणि कुठली राहणार ते सुनेला सांगत होत्या. काकांना बघून त्यांनी पदर सारखा केला. "बबन? किती वर्सांनी रं! बस." काकांनी बसायच्या आधीच विचारलं. कपबशीचा बिल्ला. कुठे पाहिलात का, कुणाकडे असेल का.

आजी उठल्या, आत गेल्या, आणि हळदकुंकवाचा जुना डबा घेऊन आल्या. डब्याच्या तळाशी कागदाची पुडी होती. पुडीत बिल्ला. पत्र्याचा, पांढऱ्यावर निळी कपबशी, खाली लाल अक्षरात हिराकाकूंचं नाव. पिनेला गंजही नव्हता.

"माज्याकडं कसा, इचार की," आजी म्हणाल्या. आणि विचारायची वाट न बघता त्याच सांगू लागल्या. "निकाल लागला तशी हिरा माज्या दारात आली. मला वाटलं भांडायला आली. तिनं माजी वटी भरली. मग छातीवरचा ह्यो काढला आनि माज्या हातात दिला. म्हनाली, शेवंते, तू ठेव. आमच्या घरात ह्यो कुनी लावला नाय."

काका खाली बघत होते.

"मी म्हनलं, अगं बबन सरकारी मानूस, त्यानं कसा लावावा? तर म्हनाली, गावात नको गं लावू दे. म्या म्हनलं दार लावून घ्या आनि घरात लावा, मला येकदा बघू द्या. तरी नाय म्हनला." आजींना हसू यायला लागलं. "आनि म्हनाली, मत तरी मला दिलंत का, ते इचारलं, तर नवरा काय म्हनतो? मतदान गुप्त असतं!"

यावर आजी इतक्या हसल्या की सून पाणी घेऊन धावली. मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू. आम्हा कचेरीतल्या लोकांना तो सरकारी उत्तराचा आवाज नीट ऐकू येतो. मग मी काकांकडे बघितलं आणि माझं हसू गेलं.

"आमी दोघी पन लय हासलो तवा," आजी डोळे पुसत म्हणाल्या. "पर हासता हासता ती रडली, बबन. तिला खरंच ठाव नव्हतं रं."

काकांनी बिल्ला घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी पिन आधी बघितली नाही. पिन दोन-तीनदा टोचली, सदऱ्याला भोकं पडली, बिल्ला काही लागेना. मी पुढे झाले तर मला हातानेच थांबवलं. शेवटी लागला, थोडा तिरका.

मला वाटलं, आता स्कूटरकडे जायचं. काका उलट्या बाजूला वळले, गावाच्या वाटेने. पहिल्या घराच्या ओट्यावर एक तरुण सून तांदूळ निवडत होती. काका तिच्यासमोर जाऊन दोन्ही हात जोडून उभे राहिले.

"कपबशी," ते म्हणाले. "माजी बायको उभी हाय."

तिने आधी बिल्ला वाचला, मग माझ्याकडे बघितलं. "कवाचं इलेक्शन हाय, बाबा?"

"झालं. लय वर्सं झाली."

"मंग?"

"मी तिलाच मत दिलं व्हतं गं पोरी. तिला सांगायचं ऱ्हायलं."

ती सूप बाजूला ठेवून उठली, डोक्यावर पदर घेतला आणि तिनेही हात जोडले. काकांनी मान हलवली आणि पुढच्या घराकडे निघाले. गावात साठेक घरं असतील. ऊन चढायला लागलं होतं, मी मागोमाग होते, आणि एकही दार सोडायचा त्यांचा विचार दिसत नव्हता.