साळवीच्या तीन जागा

आमच्या मजल्यावरचा साळवी कोणाच्याही घरी गेला की बसायच्या आधी वस्तूंना नावं ठेवतो. म्हणजे खरोखरच ठेवतो. फ्रीजकडे बोट दाखवून "कॅश", पंख्याच्या बटणाला "सेटिंग", भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोला "डेटा". मग चहा घेतो.

तो मोबाइलमधली ॲप बनवतो. त्याचं म्हणणं, ॲपला आपल्या वस्तू ठेवायला तीन जागा असतात. अक्षर मोठं हवं की लहान, आवाज हवा की नको, असली आवडनिवड सेटिंगमध्ये. जे पुन्हा कुठून तरी आणता येतं ते कॅशमध्ये. फोन भरला की तो ते न विचारता फेकून देतो. आणि जे तुम्ही स्वतः घातलं, दुसरीकडे कुठेच नाही, तो डेटा. त्याला हात लावायचा नाही. कॅश म्हणजे रोकड नव्हे, हे त्याने मला चार वेळा सांगितलंय. मी पाचव्यांदा विचारणार आहे.

मी चौथी शिकलेला माणूस. पण उभा जन्म भाईंदरला एका भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून मशीनने नावं घातली. तिथल्या नवघरमधल्या कितीतरी ताटावाट्यांवर माझं अक्षर आहे. मला तीन जागा लागल्या नाहीत. एकच, काठाखाली. आता भांड्यावर नाव घालून कोणी घेत नाही. मशीन घरी कपाटावर पडलंय.

"काका, तुमचं काम म्हणजे शुद्ध डेटा," साळवी एकदा म्हणाला.

"आणि मी?"

"तुम्ही सेटिंग. एकदा लागली ती लागली."

आमची ही तोंडाला पदर लावून हसली. तिच्या लोणच्यावरून मात्र दोघांचं वाजलं. तो म्हणे, बाजारात मिळतं, म्हणजे कॅश. "मग बाजारातूनच आण," ही म्हणाली आणि बरणी उचलून आत गेली. दुसऱ्या दिवशी लोणचं डेटा झालं.

कोपऱ्यावरच्या वाण्याच्या हातात नवा फोन बघून साळवीने विचारलं, "सेठ, डेटा कहाँ रखा है?"

"जेब में, और कहाँ?"

सगळे हसले, साळवी नाही. "वो नहीं. कौन से फोल्डर में?" मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली. शेवटी मीच त्याला दंडाला धरून बाजूला केलं.

हे खूळ त्याला मागच्या गणपतीपासून लागलं. त्याआधी बरा होता.

रत्नागिरीकडे त्याच्या गावात त्याचे वडील गाऱ्हाणं घालायचे. शिमग्याला पालखीपुढे उभं राहायचं, गावच्या देवांना, शिवेवरच्या, पाणवठ्यावरच्या राखणदारांना एकेकाचं नाव घेऊन हाक मारायची आणि गावाचं सुखदुःख त्यांच्या कानावर घालायचं. एकही नाव गाळून चालत नाही. लिहिलेलं कुठेच नाही, बापाने आपल्या बापाकडून घेतलेलं. साळवीने खास त्यासाठी ॲप बनवलं आणि सगळं गाऱ्हाणं वडिलांच्या आवाजात भरून घेतलं. पुढे वडिलांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. त्यांना इकडे आणलं. औषधांचे कागद, रिपोर्ट, सगळ्याचे फोटो काढता काढता फोन भरला. आणि फोनने गाऱ्हाणं फेकून दिलं.

"फोन चोर आहे," मी म्हणालो.

"फोनची चूक नाही, काका. मी घाईत ते कॅशमध्ये ठेवलं. नंतर नीट जागी हलवू म्हटलं. म्हणजे मीच त्याला सांगून ठेवलं होतं ना, हे गेलं तरी चालेल."

 

आता शिमगा महिन्यावर आलाय. गावाहून निरोप आला, यंदा गाऱ्हाणं तू घाल. नावं कुणाला ठाऊक आहेत का विचारलं, तर गाव म्हणतं, बाबा, आम्ही मागे उभं राहून नुसतं "व्हय म्हाराजा" म्हणायचो. साळवी कामधंदा सोडून आठवत बसतो. परवा एक स्टीलची परात घेऊन आला.

"काका, यावर घालून द्या. ही जागा कोण साफ करणार?"

सोबत कागद होता. त्यावर सोमजाई, वाघजाई, केदार अशी नावं, आणि मधे मधे कोरं.

"हे काय?"

"जी आठवली नाहीत, त्यांची जागा."

"अर्धवट काम मी करत नाही. पुरी नावं आण, मग ये."

तो परात ठेवून गेला. काल संध्याकाळी मी ती परत द्यायला गेलो. दार उघडंच. खाटेवर वडील, पुढ्यात साळवी हात जोडून उभा. म्हाताऱ्याच्या तोंडात आता एकच शब्द उरलाय, "व्हय". औषध हवं? व्हय. नको? व्हय. त्यांना नावं विचारून उपयोग नाही. खरं सांगा, खोटं सांगा, व्हय. ज्याने आयुष्यभर पुढे उभं राहून बोलायचं, त्याच्याकडे मागच्यांचं तेवढं राहिलं.

"आई सोमजाई," साळवी म्हणाला.

"व्हय."

"बा केदारा."

"व्हय."

मग तो थांबला. नाव नव्हतं. हात तसेच जोडलेले, ओठ हलत होते, आवाज नाही. म्हाताऱ्याने थोडी वाट पाहिली आणि त्या गप्प जागेलाही "व्हय" म्हटलं.

साळवीने वळून मला पाहिलं, काखेतली परात पाहिली. डोळे पुसले नाहीत त्याने. "राहू दे, काका," म्हणाला. "ठेवा तिथे."

मी परात ठेवली नाही. जमिनीवर बसलो, ती मांडीवर घेतली आणि काठाखाली बोटं टेकवली.

"केदारानंतर किती बोटं सोडू?"



"माहीत नाही, काका. नाव केवढं होतं, तेच आठवत नाही."